समुद्रकिनाऱ्याचा अभ्यास आणि उन्हाळी संशोधन फेलोशिप : तयारी कधी सुरू करायची?



आजचा विषय तसा कॉलेजच्या मुलांचा आहे, आणि लिहितेय मी, प्राथमिकची शिक्षिका. त्यामुळे आधी कारण सांगते.

गेल्या वर्षी जानेवारीत शाळा सुटताना गेटवर एक मुलगी उभी होती. "बाई, ओळखलंत का?" ओळखलं. चौथीत माझ्या वर्गात होती. आता बी.एस्सी. करते, विषय प्राणिशास्त्र. तिच्या हातात सायबर कॅफेतून काढलेली एक प्रिंट होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने देशातल्या एखाद्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं आणि वर मानधन मिळणार, अशी ती जाहिरात. "बाई, हे खरं असतं का हो? फसवाफसवी नाही ना?" मी वाचली. खरी होती. फक्त अर्जाची तारीख कधीच होऊन गेली होती.

त्या मे महिन्यात तिने आपल्या लोअर परळमधल्याच एका मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालायचं काम केलं. घरी गरज होती, आई डबे करते. कामात कमीपणा काहीच नाही. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. इकडेही दोन महिने, तिकडेही दोन महिने, पैसे दोन्हीकडे. अडलं कुठे, तर माहितीपाशी. आणि माहिती मलाही नव्हती. डी.एड. होऊन इतकी वर्षं झाली, दर विज्ञान दिनाला मुलांना "शास्त्रज्ञ व्हा" म्हणून सांगते, पण त्या घराचा दरवाजा कुठे आहे आणि तो कोणत्या महिन्यात उघडतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. या वर्षी दोघींनी मिळून पाहिलं. ते सगळं इथे मांडते.

फेलोशिप म्हणजे काय?

शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या मुलांना पाठ असतो, कारण त्याची परीक्षा असते. शिष्यवृत्ती मिळते ती शिक्षण चालू ठेवायला. फेलोशिपमध्ये मात्र काम करायचं असतं. एक मार्गदर्शक असतो, एक छोटा विषय असतो, आणि शेवटी आपण काय केलं याचा अहवाल लिहून द्यावा लागतो. म्हणून सोबत मिळणाऱ्या पैशाला मानधन म्हणतात.

आपल्या देशात यातली सर्वांत माहितीची योजना तीन विज्ञान अकादमी मिळून चालवतात. बंगळूरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी. मुदत साधारण दोन महिन्यांची. दरमहा मानधन मिळते आणि जाण्यायेण्याचा रेल्वेखर्चही मिळतो. महाविद्यालयीन शिक्षकांसाठीही यात जागा असतात. कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अर्ज करायचा आणि मानधन किती, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नये.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही जाहिरात दिवाळीच्या आगेमागे येते. काम मे-जूनचं, अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरचा! आपल्या घरांत उन्हाळ्याचा विचार परीक्षा संपल्यावर सुरू होतो, गावचं तिकीट सोडलं तर. इथेच बहुतेक मुलं हुकतात.

अर्जात मार्क लागतात, शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, आणि "मला या काळात काय काम करायचं आहे" यावर एक छोटा मजकूर लिहावा लागतो. या मजकुरावर मी पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण आमचं खरं घोडं तिथेच अडलं होतं.

समुद्रकिनाराच का?

फेलोशिप सगळ्याच विज्ञान विषयांत असते. पण आपल्या भागातल्या मुलांसाठी समुद्रकिनारा हा विषय हाताशी आहे, आणि आपण ते विसरून गेलोय. वर्गात मी विचारलं, "आपल्या शाळेपासून समुद्र किती लांब?" एक मुलगा म्हणाला, "बाई, लय लांब, गिरगावला." हाजी अली बसने पंधरा-वीस मिनिटांवर आहे हो!

त्याहून गंमत पुढे आहे. लोअर परळ ही स्वतःच समुद्राची जागा. पूर्वी मुंबईची बेटं वेगवेगळी होती तेव्हा महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि हा सगळा सखल भाग भरून जायचा. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध पुरा झाला आणि ती खिंड बंद झाली. त्या बांधावरचा रस्ता म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. मग जमीन सुकली, भर पडली, पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या, आणि आता काचेच्या इमारती. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी का तुंबतं, असं मुलांनी विचारलं की मी आधी हा नकाशा काढते. पाण्याला आपली जुनी जागा आठवते, असं मुलांना सांगितलं की पटकन समजतं. (विज्ञानाच्या भाषेत, सखल जमीन आणि भरतीच्या वेळी बाहेर न जाणारं पाणी.)

किनाऱ्याचा जो पट्टा भरतीला बुडतो आणि ओहोटीला उघडा पडतो, तिथे राहणं फार अवघड. दिवसातून दोनदा पाणी, दोनदा ऊन. म्हणून कोणता जीव किती वर राहू शकतो हे ठरलेलं असतं. खडकाच्या वरच्या भागाला पांढरे, टणक बार्नॅकल चिकटलेले असतात, त्याखाली कालवं, आणि अगदी खाली, जिथे पाणी क्वचितच पूर्ण ओसरतं, तिथे समुद्रफुलं, झोअँथिडच्या गाद्या आणि चक्क प्रवाळसुद्धा. मुंबईत प्रवाळ आहे यावर पालकांचा विश्वास बसत नाही. २०१७ साली प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी सामान्य लोकांना किनाऱ्यावर नेऊन ही सृष्टी दाखवायची आणि तिच्या फोटोंसह नोंदी ठेवायच्या, असं त्याचं स्वरूप. पुढच्याच वर्षी कोस्टल रोडचं काम सुरू झालं. २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवण्यात आल्या. रस्ता हवा की नको हा वाद मी इथे घालत नाही. पण कामाआधी तिथे काय होतं याची नोंद ज्यांनी कॅमेरा आणि वही घेऊन ठेवली, ती नोंद आता पुन्हा करता येणार नाही, एवढं मुलांना समजलं पाहिजे.

ओहोटी कधी असते?

२०१५ च्या डिसेंबरात मी चौथीचा वर्ग हाजी अलीच्या बाजूला नेला होता. परिसर अभ्यासाचा तास म्हणून. पहिल्यांदा मी गेले तेव्हा (एकटीच, पाहणी करायला) भर दुपारी गेले आणि खडकच दिसले नाहीत, सगळं पाण्याखाली. मग वर्गातल्या एका मुलाच्या आजीने मला शिकवलं. वरळी कोळीवाड्यातल्या. त्या म्हणाल्या, "बाई, तिथी बगा ना. तिथीच्या पाऊणपट करा, भरतीचा टाइम आला."

म्हणजे असं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठाच्या पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज भरती साधारण पाऊण तास किंवा पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यातूनच हा हिशोब आलाय. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी. खडक पाहायचे तर उधाणाची ओहोटी पकडायची.

आम्ही पौर्णिमेनंतरची द्वितीया धरली. दोनाच्या पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला. त्याआधी सहा तास मागे गेलं की सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी. सातला पोचलो, खडक उघडे! गुणाकाराचा असा उपयोग मुलांनी त्याआधी पाहिला नव्हता. अर्थात हा अंदाज आहे. मुलांना नेताना छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच जायचं, आणि पाणी वळायच्या आत बाहेर पडायचं.

चौकट टाकून मोजणी

शास्त्रज्ञ संपूर्ण किनारा मोजत नाहीत. ते ठरावीक मापाची चौकट टाकतात आणि तिच्या आत जे आहे ते मोजतात. आम्ही चार मीटर सुतळी घेतली, टोकं बांधली, दर मीटरला एक गाठ. चार मुलांनी चार गाठी धरल्या की झाला एक चौरस मीटर. पाचवा मोजणार, सहावा लिहिणार.

पहिल्याच चौकटीत भांडण. एकाचं उत्तर ४१, दुसरीचं ५२. कोण बरोबर? मी म्हटलं, परत मोजा. परत वेगळंच. मग कळलं की सुतळीवर बसलेली कालवं कोणी धरतंय, कोणी सोडतंय. तेव्हा नियम केला की वरच्या आणि डाव्या बाजूला टेकलेली मोजायची, खालच्या आणि उजव्या बाजूची सोडायची. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण प्रयोगशाळेतही असाच नियम वापरतात. चूक कुठून आली हे शोधणं हा त्या दिवसाचा खरा धडा होता, कालवं हे निमित्त.

सूचना द्यायच्या राहू नयेत. समुद्राकडे पाठ करायची नाही. शेवाळावरून चालायचं नाही. जिवंत शंख हातात घ्यायचा नाही, कोन शंखासारख्या काही जाती विषारी डंख करतात. आणि प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

मोजून काय होतं, असं एका सहकाऱ्याने मला तोंडावर विचारलं होतं. अमेरिकेत रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ पासून एका खडकाळ किनाऱ्यावर हेच केलं. एका भागातले सगळे तारामासे उचलून तो लांब फेकायचा आणि शेजारचा भाग तसाच ठेवायचा. मग दोन्हीकडे मोजायचा. तारामासे नसलेल्या भागात शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि १५ जातींच्या ८ झाल्या. एक जीव काढला तर बाकीचे का जातात, हे जगाला त्या मोजणीतून कळलं. त्याची साधनं आपल्या सुतळीपेक्षा फार वेगळी नव्हती.

अर्जातला मजकूर

आता यंदाच्या दिवाळीची गोष्ट. मुलीने मजकुराचा पहिला कच्चा खर्डा आणला. सुरुवात अशी होती की मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे, समुद्र हा मानवाचा मित्र आहे, आणि प्रदूषण ही गंभीर समस्या आहे. वाचून मला माझाच राग आला. कारण हे आम्ही शिकवलेलं निबंधलेखन आहे! आवड, मित्र, समस्या, शेवटी आपण सर्वांनी. हजारो अर्जांमध्ये असा मजकूर कोण लक्षात ठेवणार?

मी विचारलं, "तुला खरंच काय जाणून घ्यायचंय?" गप्प. मग दोन दिवसांनी ती चौथीची वही घेऊन आली. आईने माळ्यावर ठेवली होती. त्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं : "चौकट ३. कालवं ४७. रिकामी ९. खेकडा १ (पळाला)." बाजूला खेकड्याचं चित्र, त्याला पाय सहाच.

ती म्हणाली, "बाई, ती जागा आता नाहीये. मी जाऊन आले. तिथे भराव आलाय, आणि समुद्राच्या बाजूला मोठमोठे दगड टाकलेत." मी म्हटलं, "मग त्या दगडांवर काय आहे?" "थोडी कालवं दिसली. लहान लहान. पण जुन्या खडकांवर होती तशी दाट नाहीत." आणि ती एकदम थांबली. तिचं तिलाच कळलं.

पुढचा मजकूर तिने एका बैठकीत लिहिला, मराठीत. माणसाने टाकलेल्या नव्या दगडांवर कालवं आणि बार्नॅकल किती वेगाने वस्ती करतात, आणि ती वस्ती शेजारच्या जुन्या खडकासारखी होते का? पद्धत : समान उंचीवर चौकटी टाकून मोजणी. पार्श्वभूमी : २०१५ मधली स्वतःची नोंद, जी लहान मुलीची आहे आणि म्हणून तिच्यावर किती विसंबायचं हेही लिहिलेलं. हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं, मी सुचवलेलं नव्हतं. मग एकेक वाक्य घेऊन इंग्रजी केलं. माझं इंग्रजी बेताचंच, तिचं माझ्यापेक्षा बरं. मराठी माध्यमाच्या मुलांना मी सांगते, आधी मराठीत विचार पक्का करा. विचार कच्चा असला की इंग्रजीत तो लपतो असं वाटतं, पण लपत नाही.

शिफारसपत्रासाठी ती घाबरत होती, कारण भरलेल्या वर्गात सरांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. वही घेऊन गेली, चौकटीचं दाखवलं, सरांनी पाऊण तास बसवून घेतलं. पत्र मिळालं. विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे, शिफारसपत्र मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये.

आणि आई. आईचा प्रश्न सरळ होता. "दोन म्हयने गोव्याला? र्‍हायाचं कुठं? आणि पैसे ते देनार का आपन द्यायाचे?" प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि पालकांनी ते विचारलेच पाहिजेत. मानधन पहिल्या दिवशी हातात पडत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्याची सोय घरून करावी लागते. राहण्याची व्यवस्था संस्थेत आहे का, हे निवड झाल्यावर मार्गदर्शकांना लगेच विचारायचं. आणि एक कटू गोष्ट : अनेक ठिकाणी इंटर्नशिप मिळते पण मानधन मिळत नाही. ज्या घरात सुट्टीतली कमाई धरलेली असते, त्या घरातल्या मुलीला फुकट काम करून अनुभव घे असं सांगणं सोपं आहे, पण ते परवडणारं नाही. म्हणून जाहिरात वाचताना आधी मानधनाची ओळ शोधा. लाजू नका.

कुठे काम करता येतं?

गोव्याला दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, जिला सगळे एनआयओ म्हणतात. स्थापना १ जानेवारी १९६६. तिचं एक प्रादेशिक केंद्र आपल्या मुंबईतच, अंधेरी पश्चिमेला. तिथून जवळच वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, १९६१ ची. लोअर परळहून अंधेरीची स्लो लोकल पकडली की दोन्ही आवाक्यात. फोर्टमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, पक्षी आणि पाणथळ जागांचं मोठं काम. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला, ऐरोलीला त्यांचं किनारी जैवविविधता केंद्र आहे, शाळेच्या सहलीलाही उत्तम. प्रत्येकाचे नियम वेगळे, वेबसाइट पाहायची सवय लावा.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. १८७३ च्या उन्हाळ्यात लुई आगासी या शास्त्रज्ञाने अमेरिकेत पेनिकीज नावाच्या छोट्या बेटावर समुद्रकाठची उन्हाळी शाळा काढली. ती कोणासाठी? प्रामुख्याने शिक्षकांसाठी! ती दोनच उन्हाळे चालली, पण तिच्यापासून स्फूर्ती घेऊन पुढे किनाऱ्यावर अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्यातल्याच एकीत, वुड्स होलला, १९२९ च्या उन्हाळ्यात एक मुलगी काही आठवड्यांसाठी आली. तिचं गाव समुद्रापासून लांब होतं. समुद्र तिने आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिला. तिचं नाव रेचल कार्सन. पुढे तिने समुद्रावर पुस्तकं लिहिली आणि १९६२ मध्ये कीटकनाशकांवरचं 'सायलेंट स्प्रिंग', ज्याने जगाला जागं केलं. आमच्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, "बाई, मला निदान समुद्र तरी आधीपासून माहितीये."

अर्ज गेला आहे. यादी लागायची आहे. निवड झाली नाही तरी मार्चच्या उधाणाला आम्ही दोघी सुतळी घेऊन त्या नव्या दगडांपाशी जवळून जितकं सुरक्षित आहे तितकं जाणार आहोत. माझा यंदाचा चौथीचा वर्ग पलीकडच्या जुन्या खडकावर असेल, पालकांसोबत.

स्वाध्याय

प्राथमिकच्या मुलांसाठी : आज कोणती तिथी आहे ते कॅलेंडरमध्ये पाहा. पाऊणपट करून भरतीची वेळ काढा आणि कोष्टकातल्या वेळेशी ताडून पाहा. किती मिनिटांचा फरक आला? असं सात दिवस करा. फरक रोज सारखाच येतो का?

कॉलेजच्या मुलांसाठी : तुम्ही स्वतः पाहिलेल्या एका जागेबद्दल एकच प्रश्न लिहा. त्यात 'आवड', 'समस्या' आणि 'आपण सर्वांनी' हे शब्द येता कामा नयेत.